बुलेटप्रूफ जॅकेट प्रत्येक गोळी का अडवत नाही? समजून घ्या ‘मझल व्हेलॉसिटी’

सिनेमात हीरो बुलेटप्रूफ जॅकेट घालतो आणि छातीवर कितीही गोळ्या झेलून पुन्हा उभा राहतो. प्रत्यक्षात जॅकेट कुठली गोळी थोपवणार, हे बरंचसं तिच्या वेगावर ठरतं. बंदुकीच्या नळीतून बाहेर पडतानाच्या या वेगाला ‘मझल व्हेलॉसिटी’ म्हणतात. पुढे हवेच्या विरोधामुळे तो कमीच होत जातो.

एक तुलना बघा. ९ एमएम पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची असते. एके-४७ ची गोळीही जवळपास तेवढीच. पण पिस्तुलातून ती सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने सुटते, तर एके-४७ मधून सुमारे ७१५ मीटरने. वेग दुप्पट, मग ऊर्जाही दुप्पट? नाही, चौपट! शाळेतलं गतिज ऊर्जेचं सूत्र आठवतंय? त्यात वेगाचा वर्ग असतो. म्हणजे इकडे सुमारे ५०० ज्यूल, तर तिकडे तब्बल २००० ज्यूल. त्यात रायफलची गोळी टोकदार. त्यामुळे पिस्तुलाची गोळी अडवणारं मऊ, थराथरांचं जॅकेट इथे कमी पडतं आणि आत सिरॅमिक किंवा पोलादाची कडक प्लेट घालावी लागते.

मग वेग कशामुळे वाढतो?

मुख्य कारण काडतुसातली दारू. ती पेटली की तयार होणारा वायू गोळीला पुढे ढकलतो. रायफलच्या काडतुसात दारू जास्त असते. शिवाय नळी लांब असली, की वायूला ढकलायला जास्त अंतर मिळतं. एके-४७ ची नळी ४१५ मिलिमीटरची, पिस्तुलाची साधारण १०० ते १२५. अर्थात नळी कितीही लांबवून चालत नाही. वायूचा दाब ओसरला की घर्षण उलट वेग खायला लागतं.

दारू तेवढीच ठेवून गोळी जड केली, तर वेग घटतो. हवामानाचाही परिणाम होतो. राजस्थानच्या उन्हात तापलेल्या काडतुसातली दारू सियाचीनमध्ये गारठलेल्या काडतुसापेक्षा जोरात जळते.

आणि हो, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे ‘ठो’ ऐकून खाली वाकणारा हीरो रायफलसमोर असेल, तर त्याला फार उशीर झालेला असतो.