वायूच्या वस्तुमान-प्रवाहमापकाचे अंशशोधन
पनवेल, कळंबोली, खारघर परिसरात रिक्षा-टॅक्सीत भरला जाणारा सीएनजी किलोवर विकला जातो. कारण साधे आहे: दाब आणि तापमान बदलले की वायूचे आकारमान बदलते, वस्तुमान बदलत नाही. घरगुती पाइप गॅसचा मीटर मात्र घनमीटर मोजतो.

डिस्पेन्सरमधील मापक बहुधा कोरिऑलिस पद्धतीचा असतो. कंप पावणाऱ्या नळ्यांतून वायू वाहताना त्यांच्या दोन बाजूंच्या कंपनांत अतिसूक्ष्म कालांतर पडते. ते वस्तुमान-प्रवाहाच्या प्रमाणात असते. यामागचे तत्त्व कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये मांडले.

अंशशोधनात आधी झडपा बंद करून शून्य तपासतात. इथली हयगय पुढच्या प्रत्येक वाचनात उतरते, म्हणून हीच सर्वांत महत्त्वाची पायरी मानावी. मग रिकामी टाकी अचूक काट्यावर तोलतात, सुमारे २०० बार दाबापर्यंत भरतात, पुन्हा तोलतात आणि वजनातील फरक मापकाच्या आकड्याशी ताडून पाहतात. चार किलो गॅस भरणाऱ्या रिक्षाचालकाला एक टक्का चूक ४० ग्रॅमची पडते, तीही रोज.

कारखान्यांतील औष्णिक मापकांची गोष्ट वेगळी. ते वायूच्या उष्णताधारणेवर चालतात; नायट्रोजनवर जुळवलेला मापक दुसऱ्या वायूसाठी रूपांतर-गुणक मागतो.

प्रवाहमापकांच्या अंशशोधनासाठी केरळात पलक्कड येथे फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. पंपांवरील मापकांची पडताळणी व मुद्रांकन २००९ च्या वैधमापनशास्त्र अधिनियमाखाली होते. पडताळणीचे प्रमाणपत्र पंपावर दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. ग्राहकांनी ते जरूर पाहावे.