ठरलेली शस्त्रक्रिया आणि कचारगडचा माणूस

माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेपाशी गोंड समाज लाखोंनी जमतो. २०२० साली ही पौर्णिमा ९ फेब्रुवारीला होती. पुढे दीड महिन्यातच दरेकशावरून धावणाऱ्या प्रवासी गाड्या थांबल्या, आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला, असे केंद्र सरकारने रुग्णालयांना कळविले.

इथला शब्दच्छल ओळखला पाहिजे. तातडीची नाही म्हणजे गरजेची नाही, असे नव्हे. हर्निया घेऊन धानाच्या बांधीत वाकणाऱ्याला विचारा!

कारणे मात्र खोटी नव्हती. भूलतज्ज्ञ आणि व्हेंटिलेटर करोना कक्षाकडे वळले. रक्तदान शिबिरे बंद पडली, रक्तपेढ्या आटल्या. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'ने ११२८ रुग्णांचा अभ्यास छापला : शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले होते. म्हणून चाचणी ऐनवेळी करावी लागे. तिचा निकाल, किंवा रात्री आलेला अत्यवस्थ रुग्ण, ठरलेली खाट सकाळी काढून घेई.

पण या ऐनवेळेची किंमत सर्वांना सारखी पडली काय? गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ चे. साथ आली तेव्हा जेमतेम चार वर्षांचे. शहरातला रुग्ण रिक्षाने घरी परततो. सालेकशाकडचा माणूस उसनवारी करून, मजुरी बुडवून, सोबतीला एकाला घेऊन आलेला असतो. त्यातून या भागात सिकलसेल. अशा रुग्णासाठी रक्ताची तजवीज आधीच करावी लागते, ती सगळी पुन्हा.

नवी तारीख फोनवर कळवू, म्हणतात. डोंगरात रेंज मिळेल तेव्हा.