तळे कोणाचे?

पर्यावरणशास्त्र हा शब्द नवा असला, तरी त्याचा विषय झाडीपट्टीच्या माणसाला नवा नाही. सावलीच्या परिसरात एकीकडे जंगल, दुसरीकडे धानाच्या बांध्या आणि मध्ये तलाव असे चित्र जागोजाग दिसते. या तिहींचा संबंध कोणी जोडला आणि तो पुढे का विसकटला, एवढाच प्रश्न आम्ही आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

आपल्याकडे पाऊस पुष्कळ पडतो. परंतु तो मुख्यतः चार महिन्यांत, आणि त्यातही खंड देऊन. धान तर रोवण्यापासून लोंबी भरेपर्यंत पाणी मागते. ही अडचण ओळखून गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी आदी समाजांनी उताराला आडव्या मातीच्या पाळी घातल्या. वरचे जंगल माती धरून ठेवी, तलाव पाणी धरून ठेवी, झिरपा विहिरींना मिळे, मासळी ढिवरांना मिळे आणि उन्हाळ्यात निघालेला गाळ शेताला खत म्हणून जाई. एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचे अन्न व्हावे, अशी ही रचना होती. यातला एक दुवा तुटला की बाकीचे ढिले पडतात, हाच पर्यावरणशास्त्राचा पहिला धडा होय.

दुसरा धडा मुद्दल आणि व्याज यांचा. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण लहानपणीच शिकतो. पण कणाकणाने ते बुजतेही, हे कोणी शिकवीत नाही. पाणी दरवर्षीचे व्याज आहे. तलावाची खोली हे मुद्दल. 1713 साली जर्मनीतील सॅक्सनीच्या खाणखात्यातील अधिकारी कार्लोविट्झ याने जंगलाविषयी हेच लिहिले: जेवढे वाढते तेवढेच तोडावे. आज ज्याला शाश्वतता म्हणतात, त्या विचाराचे एक मूळ तेथे सापडते.

मात्र जुना काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. इंग्रजी अमदानीत मालगुजार गावाचा मालक झाला आणि तलावही त्याचे झाले. पाळीची दुरुस्ती वेळेवर होई, पण तिच्यामागे पुष्कळदा गरिबाची वेठ असे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, 1951 पासून तलाव सरकारकडे आले. अन्याय गेला हे उत्तमच झाले. परंतु त्याबरोबर तलावाची रोजची काळजी घेणारा हातही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा हात सहजासहजी आला नाही. पूर्व विदर्भात असे जवळजवळ सात हजार माजी मालगुजारी तलाव मोजले गेले आहेत. त्यांतील कितीतरी गाळाने उथळ झाले, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली.

मोठी धरणे हे त्याला पुरते उत्तर नव्हे. इंग्रजी काळात बांधलेल्या आपल्या आसोलामेंढ्याला गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याची जोड देण्यात आली, हे इष्टच आहे. पण कालव्याचे पाणी गावाच्या बोडीतला गाळ काढीत नाही.

मग काळजी कोणी घ्यावी? उत्तराचा एक नमुना जवळच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट चालविले. प्रश्न मांडावा, माहिती जमवावी, चर्चा करावी आणि निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत घ्यावा, ही त्यांची रीत. मधमाश्या न मारता मध कसा काढता येईल, याचाही त्यांनी अभ्यास केला. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. हक्क, जबाबदारी आणि ज्ञान ही तिन्ही तेथे एका ठिकाणी आली. आमच्या तलावांपाशी ती तीन दिशांना पांगली आहेत, आणि खरे दुखणे तेच आहे.

येथे सावलीच्याच इतिहासातील एक प्रसंग आठवतो. 1936 साली गांधी सेवा संघाचे संमेलन येथे भरले होते. आपल्या नावाचा कोणताही पंथ नाही, सत्य आणि अहिंसा जुनीच आहेत, आपण त्यांचे केवळ प्रयोग केले, असा आशय महात्माजींनी त्या वेळी मांडला. मत कोणाचे आहे यापेक्षा ते अनुभवाला उतरते की नाही हे पाहावे, हीच शास्त्रीय वृत्ती होय.

तिला प्रयोगशाळाच लागते असे नाही. गावच्या शाळेने पाळीजवळ खुणांचा खांब रोवून दर आठवड्याला पाण्याची पातळी लिहावी. पावसाचे माप ठेवावे. उन्हाळ्यात गाळाची जाडी मोजावी. पाच वर्षांची अशी वही ग्रामसभेपुढे आली, तर कोणता तलाव आधी उपसावा, हा वाद आवाजाने नव्हे, आकड्याने सुटेल. पुढच्या पावसाळ्याला अवकाश थोडा आहे; वही आजच घातली तरी चालेल.