टेहळणीच्या कामातून उलगडलेला मेंदू

डोळ्यांवर आणि कानांवर सतत आदळणाऱ्या संवेदनांपैकी फार थोड्या जाणिवेत उतरतात. ही निवड कशी होते, हा प्रश्न शास्त्रापुढे आला तो बऱ्याच अंशी नोकरीतल्या चुकांमुळे. ताऱ्यांचे वेध घेणारे, रडारवर नजर ठेवणारे आणि विमानांना वाट दाखवणारे लोक कुठे चुकतात, याच्या तपासातून लक्षाचे विज्ञान घडत गेले.

अठराव्या शतकातील वेधशाळांत निरीक्षक घड्याळाचे ठोके कानाने मोजत आणि त्याच वेळी दुर्बिणीतील उभी रेषा तारा केव्हा ओलांडतो, हे डोळ्याने टिपत. ही वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अजमावायची असे. ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा त्यांचा सहायक डेव्हिड किनब्रुक याच्या नोंदी सुमारे ०.८ सेकंदाने मागे पडू लागल्या आणि १७९६ मध्ये त्याची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिक बेसेल यांनी निष्णात निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर त्यांच्यातही असाच ठरावीक फरक निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्हेल्म वुंट यांनी हा प्रश्न मानसशास्त्राच्या प्रयोगांत आणला. ठोका आणि दृश्य एकाच क्षणी येऊनही मनाला ते एकाच वेळी पकडता येत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न अधिक गंभीर झाला. समुद्रावर गस्त घालणाऱ्या ब्रिटिश विमानांतील रडारचालकांच्या नजरेतून पाणबुड्यांचे ठिपके निसटत होते. त्याचा छडा लावण्यासाठी केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधे घड्याळ बनवले. त्याचा काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन पावले उडी घेई. ती उडी दिसताच कळ दाबायची, एवढेच काम दोन तास करायचे होते. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका स्पष्टपणे वाढलेल्या दिसल्या. मात्र अधूनमधून विश्रांती मिळाली, किंवा प्रत्येक उडीनंतर ती पकडली की हुकली हे कळत गेले, तर ही घसरण टळत असे. मध्येच दूरध्वनीवरून ‘अधिक नीट काम करा’ एवढे सांगितले, तरी कामगिरी काही काळ सुधारे. लक्ष टिकणे हे डोळ्यांच्या क्षमतेइतकेच प्रेरणेवरही अवलंबून असते, हे त्यातून दिसले.

युद्धानंतर विमानतळांवर नवी अडचण उभी राहिली : एकाच ध्वनिवर्धकातून अनेक वैमानिकांचे आवाज येत. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी श्रोत्यांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि त्यांपैकी एकच मोठ्याने म्हणायला लावला. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा जाऊन स्त्रीचा झाला, तर ते ध्यानात येई. भाषा इंग्रजीची जर्मन झाली तरी बहुतेकांना पत्ता नसे. १९५८ मध्ये केंब्रिजच्याच डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी यावरून गाळणीचा सिद्धान्त मांडला : आवाजाचा पोत, दिशा अशा बाह्य लक्षणांवरून मेंदू आधी एक प्रवाह निवडतो आणि अर्थ त्यानंतर लावतो. पण पुढच्याच वर्षी नेव्हिल मोरे यांना आढळले, की दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव उच्चारले गेले तर सुमारे एक तृतीयांश श्रोते ते टिपतात. तेव्हा ही गाळणी बाकीचे आवाज पूर्ण बंद करत नाही, केवळ मंद करते, अशी दुरुस्ती ॲन ट्रीझमन यांनी सुचवली.

दरम्यान शरीरशास्त्रातही शोध चालू होता. १९४९ मध्ये ज्युझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील चेतापेशींच्या जाळ्याला विजेने उद्दीपित केले, तेव्हा झोपेसारख्या संथ मेंदूलहरी जागेपणीसारख्या झाल्या. जागेपणाची पातळी राखण्यात या जाळ्याचा वाटा मोठा आहे. संवेदनांची नेमकी निवड करताना मात्र मेंदूच्या आतील थॅलॅमस हा भाग आणि मेंदूच्या बाह्यकाचे पुढचे व वरचे भागही कामाला लागतात.

प्रेरणेचा धागा १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांच्या हाती आला. मेंदूच्या काही भागांत विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखवले, की मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरदार प्रतिसाद देतात. बक्षिसाची खूण ओळखीची झाली की त्या खुणेलाच प्रतिसाद देतात, आणि अपेक्षित बक्षीस आले नाही तर थंडावतात.

लक्ष आणि प्रेरणा यांचा थेट दुवा २०११ मध्ये ब्रायन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसला. पूर्वी पैशांचे बक्षीस मिळवून दिलेला रंग नंतरच्या कामात निरुपयोगी असूनही लोकांचे लक्ष खेचून घेत होता आणि त्यांचे काम मंदावत होते. मेंदूची निवड समोरच्या वस्तूच्या ठळकपणावर आणि हातातल्या उद्दिष्टावर चालते, तशीच ती पूर्वी झालेल्या लाभाच्या अनुभवावरही चालते.