नांगराचा हिशेब

१/ प्लेस्टेशन ५ हे खेळयंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आले. २०२२ च्या अखेरीस त्याची किंमत ५४,९९० झाली. यंत्र जुने होते तसे स्वस्त होते, हा जुना रिवाज मोडला. मग नवे यंत्र परवडते का? या प्रश्नाचे जुने रूप पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडीच्या इतिहासात सापडते.

२/ लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये बेळगाव सोडून कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर आले. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जागा दिली होती.

३/ बेळगावात असतानाच त्यांनी लोखंडी नांगर घडवला होता. त्याला पहिले गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते, हा समज आड आला.

४/ पण लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असे! तेव्हा अडसर केवळ अंधश्रद्धेचा नसावा. जुना नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी. नव्यासाठी रोख पैसा लागे आणि सुट्या भागांसाठी कारखान्याकडे पाहावे लागे. शेतकऱ्याची शंका हिशेबाचीही होती.

५/ तो हिशेब कामाने बदलला. लाकडी नांगर माती उकरी. लोखंडी नांगर ती उलथून तण गाडी. हा फरक नांगरटीच्या पहिल्याच तासात दिसे.

६/ कसोटी आजही तीच. नवे यंत्र जुनेच काम जरा सफाईने करीत असेल, तर थांबावे. जुन्याला न जमणारे काम करीत असेल, तरच पैसे मोजावेत.