संगणकाचा सूर उशिरा का येतो?

१९५७ साली बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने संगणकाने आकडेमोड करून ध्वनी घडवावा यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. आयबीएम ७०४ हा संगणक न्यूयॉर्क शहरात, तर आकड्यांचा आवाज करणारे यंत्र न्यू जर्सीतील मरे हिल येथे! त्यामुळे आकडे चुंबकीय फितीवर उतरवायचे, फीत घेऊन परत यायचे आणि मग ऐकायचे. न्यूमन गटमन यांची १७ सेकंदांची रचना अशीच जगापुढे आली.

ही फीत म्हणजे एक साठा, अर्थात बफर. ध्वनियंत्राला ठराविक क्षणी पुढचा आकडा हवाच असतो. संगणकाचे गणित मात्र कधी भरभर होते, कधी रेंगाळते. गच्चीवरच्या टाकीमुळे नळाची धार अखंड राहते, तसेच हे. टाकी रिकामी झाली की आवाजात ‘टक्’ असा खंड पडतो. पण टाकी मोठी केली, तर आत्ता ओतलेले पाणी नळाला यायला वेळ लागतो. वादकाची अडचण नेमकी हीच, कारण त्याचा हात कानाच्या भरवशावर चालतो.

१९७०च्या सुमारास मॅथ्यूज आणि रिचर्ड मूर यांनी ‘ग्रूव्ह’ या प्रणालीत एक युक्ती केली. ध्वनी घडवण्याचे काम त्यांनी संगणकाकडून काढून इलेक्ट्रॉनिक मंडलांकडे दिले. स्वर किती उंच, किती मोठा, एवढेच हुकूम संगणक देई. हे हुकूम सावकाश बदलतात, म्हणून तो वादकाबरोबर राहू शकला. (मला ही माघार फार हुशारीची वाटते.) पुढे पॅरिसच्या इरकाम संस्थेत जुझेप्पे दि जुन्यो यांनी ‘४एक्स’ हे खास वेगवान यंत्र बांधले.

घरगुती संगणक वेगवान झाल्यावर फीत गेली, साठा मात्र राहिला. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर २५६ नमुन्यांचा साठा सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून २ मीटर जातो. म्हणजे वाद्य दोन मीटर दूर असल्यासारखे. १,०२४ नमुन्यांना २३ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ ८ मीटर. शिवाय आवाज आत घेताना एक साठा आणि बाहेर सोडताना दुसरा.

८,१९२ नमुन्यांचा साठा १८६ मिलिसेकंदांचा. १९५० साली बर्नार्ड ली यांनी माणसाला त्याचेच बोलणे किंचित उशिरा ऐकवले, तेव्हा तो अडखळू लागला. हा परिणाम २०० मिलिसेकंदांच्या आसपास सर्वांत तीव्र असतो.