एका हाताचं हँडल

१९५० च्या दशकातल्या टोकियोत सोबा नूडल्स घरपोच जायच्या त्या सायकलवरून. पोऱ्या एका हाताने हँडल धरी आणि दुसऱ्या हाताने खांद्यावरची वाडग्यांची चळत सांभाळी. होंडा कंपनीचा कारभार पाहणारे ताकेओ फुजिसावा यांनी एका छोट्या मोटरसायकलची मागणी केली, तेव्हा हाच पोऱ्या त्यांच्या डोळ्यांसमोर होता. एक हात अडकलेला असतानाही चालवता येईल अशी गाडी त्यांना हवी होती. ऑगस्ट १९५८ मध्ये सुपर कब बाजारात आली. ४९ सीसीचं इंजिन, तीन गिअर आणि क्लचचा लिव्हर नाहीच. इंजिनाने वेग घेतला की क्लच आपोआप पकडे, पायाने गिअर टाकताना आपोआप सुटे. ॲक्सिलरेटर उजव्या हातात, पुढचा ब्रेकही उजव्या हातात, मागचा उजव्या पायाखाली. इंडिकेटरचं बटणसुद्धा उजवीकडे नेलं होतं. डाव्या हाताला कामच उरलं नव्हतं.

या गाडीच्या घडणीत अपंग चालकाचा विचार कुणी केला नव्हता. तरी अपघातात डावा हात निकामी झालेल्या माणसाला जी गाडी हवी असते, जवळपास तीच इथे कारखान्यातून तयार होऊन बाहेर पडली. २०१७ पर्यंत तिची संख्या दहा कोटींवर गेली. मोटरसायकलला दोन धडधाकट हात लागतातच, ही समजूत घट्ट असली तरी तिला इतिहासाचा आधार फारसा नाही.

मोटरसायकलस्वाराचा हात जातो तो बहुतेक वेळा तुटून नाही. स्वार गाडीवरून फेकला जातो आणि डोकं-खांद्यावर आपटतो. मान एका बाजूला खेचली जाते, खांदा दुसऱ्या. मानेतल्या मणक्यांमधून निघणारी पाच मज्जातंतूंची मुळं एकमेकांत गुंफून हाताकडे जातात. ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात ते हेच जाळं. त्या हिसक्याने ते ताणलं जातं, फाटतं, किंवा मुळं थेट मज्जारज्जूतून उपटून येतात. हात जागेवर असतो, ऊबदार असतो, मनगटावर नाडी लागते, पण बोट हलत नाही. वरची मुळं गेली तर खांदा उचलत नाही आणि कोपर वाकत नाही. खालची गेली तर पकड जाते. पाचही गेली तर सगळा हात झोळीत.

लोझानचे शल्यविशारद अल्गिमांतास नाराकास यांनी १८ वर्षांत असे हजाराहून अधिक रुग्ण पाहिले आणि १९८५ मध्ये त्यांचा ताळा मांडला. या दुखापतींपैकी सुमारे ७० टक्के रस्त्यावरच्या अपघातांतल्या, आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के मोटरसायकल किंवा सायकलवरच्या. असे एकामागून एक सात सत्तरीचे आकडे त्यांनी दिले. शेवटचा आकडा वेदनेचा होता, त्या वेदनेकडे पुढे वळू.

त्याआधी हेल्मेटचा उल्लेख हवा. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे लॉरेन्स ऑफ अरेबिया, मे १९३५ मध्ये आपल्या ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स होते. त्या मृत्यूनंतर केर्न्स मोटरसायकलस्वारांच्या डोक्यांच्या जखमांमागे लागले. १९४१ मध्ये त्यांनी हेल्मेटचं महत्त्व दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला आणि ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सक्ती व्हायला १९७३ उजाडलं. हेल्मेटने डोकं वाचतं, पण मान आणि खांदा यांच्यातला हिसका त्याने थांबत नाही. एरवी जागीच गेले असते असे कित्येक तरुण हेल्मेटमुळे जगले, आणि त्यांतले काही लुळा हात घेऊन जगले.

त्यांच्यासाठी वैद्यकाकडे फार काही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर खांद्याचा सांधा पक्का जखडून टाकायचा, कोपराला हाडाची अटक घालायची, असे उपाय होत. साठच्या दशकात तर हात कोपराच्या वरून कापून कृत्रिम हात लावण्याची पद्धत रूढ झाली. विशी-पंचविशीतल्या मुलाला स्वतःचा हात कापायला संमती द्यावी लागे. चित्र पालटलं ते सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेने. शांघायच्या गू युदोंग यांनी १९८६ मध्ये धडधाकट बाजूच्या मानेतला एक मज्जातंतू छातीवरून पलीकडे नेऊन निकामी हाताला जोडला. १९९४ मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबेरलँ यांनी बोटांकडे जाणाऱ्या मज्जातंतूतला एक धागा काढून कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या तंतूत जोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आज मुंबई, पुणे, कोइमतूरमध्ये अशा शस्त्रक्रिया होतात.

पण मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर कापायला त्याला दोन वर्षं लागतील, आणि स्नायू तितकी वाट पाहत नाही. वर्ष-दीड वर्षात तो कायमचा वाळतो. म्हणून शल्यविशारद आधी कोपर वाकवण्याच्या मागे लागतात. कोपर वाकतं, खांदा थोडा स्थिर होतो. सगळी मुळं गेलेल्या हाताची पकड मात्र क्वचितच इतकी परतते, की तिने क्लच दाबता यावा. दवाखाना इथपर्यंत आणून सोडतो. इथून पुढे बदलायची असते ती गाडी.

मुळात ज्या यंत्राने हात नेला त्याच्याकडे परत का जायचं, असं घरचे विचारतात, आणि त्यांची भीती खरी असते. याचं एक उत्तर वेदनेत आहे. मुळं उपटली गेली की मज्जारज्जूतल्या तुटक्या जागा आपणहून संदेश पाठवत राहतात. काहीही न जाणवणारा हात जळतो, चिरडल्यासारखा दुखतो. वर्षानुवर्षं दुखतो. इंग्लंडचे पुनर्वसनतज्ज्ञ सी. बी. विन पॅरी यांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९८० च्या सुमारास त्यांनी नोंदवलं, की गोळ्यांपेक्षाही रुग्णांना अधिक उपयोग होतो तो एखाद्या कामात पूर्ण गुंतून जाण्याचा. रुग्णाला लवकर कामाला, छंदाला लावा, असा त्यांचा आग्रह होता. ज्याचा छंदच मोटरसायकल होता, त्याच्यासाठी या आग्रहाचा अर्थ वेगळा सांगायला नको. हे वेड आहे म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी एकदा विन पॅरींची ही नोंद लक्षात घ्यावी.

आता गाडीकडे. आजच्या मोटरसायकलवर उजवा हात रेस देतो आणि पुढचा ब्रेक लावतो, डावा क्लच दाबतो, डावा पाय गिअर टाकतो, उजवा मागचा ब्रेक दाबतो. ही वाटणी सगळीकडे एकच असते म्हणून ती निसर्गनियमासारखी भासते. पण १९३० सालच्या हार्ले-डेव्हिडसनवर क्लच पायात होता आणि गिअरचा दांडा टाकीच्या डाव्या कडेला. गिअर बदलायचा तर डावा हात हँडलवरून काढावाच लागे, म्हणजे त्या काळी प्रत्येक जण दर गिअरला एकहाती स्वार होता. अमेरिकेच्याच इंडियन कंपनीच्या कित्येक गाड्यांवर ॲक्सिलरेटर डाव्या मुठीत आणि गिअरचा दांडा उजवीकडे असे. ब्रिटिश गाड्यांत पायाचा गिअर रुळला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस वेलोसेट कंपनीने ती यंत्रणा सुधारल्यावर, आणि तोही बहुतेक उजव्या पायाला. आपल्याकडच्या जुन्या बुलेटने हा उजव्या पायाचा गिअर नव्या शतकापर्यंत वागवला. आजची वाटणी पक्की झाली ती अमेरिकेने १९७४ मध्ये सुरक्षेचा नियम लागू करून सगळ्या गाड्यांची नियंत्रणं एकाच मांडणीत आणली तेव्हा. त्या बाजारात माल विकायचा म्हणून ब्रिटिश आणि इटालियन कारखान्यांनीही गिअर डावीकडे नेला. एका गाडीवरून दुसरीवर बसणाऱ्याचा गोंधळ टळला, ते चांगलंच झालं. मात्र एका हाताच्या माणसाला सोयीची अशी एखादी मोटरसायकल बाजारात सापडण्याची शक्यता त्याच नियमाने कमी झाली. तेव्हापासून त्याला बहुतेक वेळा गॅरेजची पायरी चढावी लागते.

गॅरेजात करायचं काय? डावा हात गेला असेल तर प्रश्न क्लचचा. तो आपोआप सुटणारा बसवता येतो. अमेरिकेतली रेक्लूज कंपनी असे क्लच बनवते. किंवा क्लचचा लिव्हर ब्रेकच्या लिव्हरखाली उजवीकडे लावतात, दोन बोटं एकावर, दोन दुसऱ्यावर. हॉर्न, इंडिकेटर, डिपर उजवीकडे आणावे लागतात. उजवा हात गेला तर काम वाढतं. ॲक्सिलरेटर डाव्या मुठीत न्यायचा, पुढचा ब्रेक एकतर डावीकडे किंवा मागच्या पेडलला जोडायचा. दोन्ही बाबतींत हँडलला हिसके शोषणारा स्टिअरिंग डॅम्पर हवा, कारण खड्ड्यातला झटका आता एकाच मनगटावर येतो. वळण घेताना दोन हात एकीकडे ढकलतात, दुसरीकडे ओढतात. इथे तोच हात ढकलतो आणि ओढतो, आणि ही सवय मोकळ्या मैदानात पुन्हा शिकावी लागते. निकामी हात पट्ट्याने अंगाशी घट्ट बांधावा लागतो. तो मोकळा लोंबकळला तर वाऱ्याने हेलकावतो आणि आधीच दुखावलेल्या खांद्याला आणखी खेचतो.

यातल्या एका कल्पनेचा प्रवास उलटा झाला. जून १९९२ मध्ये आसेनच्या शर्यतीआधीच्या सरावात ग्रां प्री मोटरसायकल शर्यतपटू मिक डूहानचा उजवा पाय मोडला. पुढच्या गुंतागुंतीत पाय जवळजवळ गेलाच होता. विजेतेपद हातातून निसटलं आणि घोटा कायमचा आखडला. मागच्या ब्रेकचं पेडल नीट दाबता येईना, म्हणून त्याच्या होंडावर डाव्या अंगठ्याने दाबायचा मागचा ब्रेक बसवण्यात आला. १९९४ ते १९९८ अशी सलग पाच विश्वविजेतेपदं डूहानने जिंकली. आज मोटोजीपीचे धडधाकट स्वारही अंगठ्याचा ब्रेक वापरतात, कारण गाडी उजवीकडे झुकलेली असताना पायाने तो दाबणं कुणालाही अवघड जातं. एका जायबंदी माणसाची गरज सगळ्यांची सोय झाली.

ऑस्ट्रेलियाचा ॲलन केम्पस्टर याहून पुढे गेला. १९९० मध्ये दारू प्यालेल्या एका चालकाने धडक दिली आणि त्याचा उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही गेले. सगळी नियंत्रणं डाव्या बाजूला आणून तो शर्यतीत उतरला. गाडीवरचा क्रमांक होता १/२. वळणावर शरीर बाहेर काढून गाडी झुकवणाऱ्या केम्पस्टरची छायाचित्रं जगभर पाहिली गेली. त्या छायाचित्रांत जिद्द लगेच दिसते. डाव्या मुठीभोवती जमवलेली लिव्हर आणि केबलची मांडणी मात्र बारकाईने पाहावी लागते, आणि ज्याला परत गाडीवर बसायचं आहे त्याच्या उपयोगाची तीच आहे.

हे ज्ञान एकेकट्याच्या गॅरेजात अडकून राहू नये म्हणून ब्रिटनमध्ये १९९१ साली अपंग मोटरसायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. गाडीत बदल करण्यासाठी ती अनुदान देते आणि सल्लाही देते.

आपल्याकडे अशी संघटित परंपरा नव्हती, पण गाड्या होत्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघालेल्या जावाला अर्ध-स्वयंचलित क्लच होता. गिअरचं पेडल दाबलं की तेच क्लच सोडवी. जुने जावावाले क्लचला हात न लावता गिअर बदलून दाखवत. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली, तिला गिअरही नव्हते आणि क्लचचा लिव्हरही नव्हता. होंडाशी १९८४ मध्ये झालेल्या भागीदारीतून कायनेटिक होंडा आली, तीही बिनगिअरची, शिवाय बटणाने सुरू होणारी. १९९७ मध्ये हिरो होंडाने स्ट्रीट ही सुपर कबच्याच घराण्यातली गाडी काढली. आपल्या गिऱ्हाइकाने तिला नाकारलं. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मिस्त्रींनी बिनगिअरच्या स्कूटरला मागे साइड व्हील लावून दिली, ती मुख्यतः पाय अधू असलेल्यांसाठी. हात गेलेल्याला साइड व्हीलने तोल मिळतो, पण उजव्या मुठीतला ॲक्सिलरेटर तिथेच राहतो.

कायदाही हळूहळू सरकला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अपंगांसाठी बदल केलेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या आहे. आपल्या मालकीच्या गाडीत असा बदल करून घ्यायचा आणि त्यावर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घ्यायची, अशी मुभाही त्यात आहे. लायसन्ससाठी मात्र त्या विशिष्ट गाडीवर चाचणी द्यावी लागते, म्हणजे आधी गाडी तयार हवी.

तंत्र तर कधी नव्हे इतकं अनुकूल आहे. होंडाने २०१० मध्ये व्हीएफआर १२०० वर दुहेरी क्लचची स्वयंचलित यंत्रणा दिली. तिचे गिअर बटणाने बदलतात किंवा आपोआप. एप्रिल २०१९ च्या नियमानंतर भारतात १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना जोडब्रेक आला, म्हणजे एकाच लिव्हरवर किंवा पेडलवर दोन्ही चाकं थांबतात, आणि स्कूटरवर हा लिव्हर डावीकडे असतो. विजेच्या स्कूटरचा ॲक्सिलरेटर म्हणजे आता केबल नसून एक सेन्सर आणि दोन-चार तारा आहेत. तो डाव्या मुठीत नेणं लूनाच्या काळापेक्षा कितीतरी सोपं आहे. उजवा हात गेलेल्या माणसासाठी एवढा एक बदल कारखान्यातूनच, वॉरंटी शाबूत ठेवून करून द्यायला हवा. तसं होईपर्यंत तो बदल मिस्त्री करतो, आणि ती गाडी घेऊन माणूस आरटीओच्या दारात उभा राहतो.